हळदी काळी पडली

"शालन, खोटं बोलायचं तर निदान जरा बरं बोलावं माणसानं. मासा बदललास तो बदललास, वर माझ्याच तोंडावर सांगतीस ह्यो त्योच म्हणून?"

करमाळ्याहून आणलेली पिशवी अजून उंबऱ्यातच होती. पायातली चप्पलसुद्धा मी काढली नव्हती. समोर भिंतीशी चार फुटांची काचेची पेटी, तिच्यात माझ्या मुलाचे मासे, आणि त्यात आमची हळदी नव्हती. हळदी म्हणजे पिवळीजर्द, अंगावर काळे पट्टे. तिच्या जागी एक काळाकुट्ट, फिकट पट्ट्यांचा मासा दगडांच्या कपारीतून बाहेर येऊन बाकीच्यांना पळवून लावत होता.

"आत्याबाई, हळदीच आहे ती," माझी सून, शालन म्हणाली. "काळी पडली."

"काळी पडली? उन्हात हिंडत हुती व्हय?"

"रोज थोडी थोडी पडत गेली. आधी पोट काळवंडलं, मग..."

"गप. चाळीस वर्षं मासं इकलं मी. मासा रंग सोडतो त्यो मेल्यावर. पाण्यात जित्ता असताना न्हाई."

तिनं मान काही खाली घातली नाही. त्यानं मी आणखी भडकले. माझा आवाज आधीच बाजारात कमावलेला, त्यात दार उघडं. समोरची भागूबाई हातातलं सूप तसंच घेऊन आली.

"काय झालं गं द्रुपदे? आल्या आल्या?"

"हिनं हळदी मारली आणि दुसराच मासा आणून सोडला. माझ्या माघारी."

भागूबाईनं पेटीत वाकून बघितलं. मग शालनकडं बघितलं. "तरीच," ती म्हणाली. "मागल्या मंगळवारी पुण्याच्या गाडीतनं उतरताना बघितली मी हिला. हातात पिशवी होती बघ."

पुण्याला? मी तीन आठवडे बहिणीच्या उशाशी बसून, तिचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून तिचं सगळं अंथरुणात करत होते, आणि ही पुण्याला?

"कशाला गेलतीस?"

शालनच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "कापड बघायला."

"कुटं हाय कापड?"

"पसंत पडलं नाही."

भागूबाई हसली. मग मी जे बोलले ते सगळ्या आळीनं ऐकलं. खोटारडी म्हणाले, चोरटी म्हणाले. माझ्या पोरानं जिवापाड जपलेला जीव मारून त्याची किंमतसुद्धा नाही हिला, असं म्हणाले. शालन आत गेली आणि पीठ मळायला बसली.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, भिगवणची. आम्ही भोई. पुरुषांनी उजनी धरणाच्या पाण्यात जाळी टाकायची आणि बायकांनी बाजारात बसून मासा विकायचा. मालक गेले तेव्हा दिगंबर सातवीत होता. तिथून पुढं घर माझ्या पाटीवर चाललं, आणि पाटी चालली माझ्या नजरेवर. फडकं उचललं न उचललं तोच मी सांगायची, हा पहाटेचा, हा कालचा, हा बर्फात दोन दिवस निजलेला. बायकांचं काही अडलं, नवीन काही जाळ्यात आलं, की म्हणायच्या, द्रुपदाला दाखवा.

आणि माझ्याच पोराला मेलेला मासा बघवायचा नाही! जाळ्यातलं एखादं बारीक पिल्लू लोणच्याच्या बरणीत घालून उशाशी ठेवायचा. सकाळी ते मेलेलं असलं की दिवसभर जेवायचा नाही. मोठा झाल्यावर पुण्याला शोभेच्या माशांच्या दुकानात लागला, आणि तिथून, त्या भांडणाआधी पाच वर्षं, कुवेतला गेला. तिकडं मोठमोठ्या हॉटेलांतून भिंतीएवढ्या पेट्या असतात म्हणे. त्यातले मासे सांभाळायचं काम. जाताना स्वतःची पेटी आणि लग्नाची बायको, दोन्ही माझ्याकडं ठेवून गेला.

"आये, हे आफ्रिकेतल्या तळ्यातले मासे हाईत," जाण्याआधी पेटी दाखवताना तो म्हणाला होता.

मी बाही वर सारून हात घातला आणि एक धरला. पाठीवरचे काटे बोटानं उभे केले, नाक बघितलं. रहू-कटल्याला नाकाच्या एकेका बाजूला दोन-दोन भोकं असतात. ह्याला एकेकच.

"आफ्रिका कसली? आपल्या उजनीतली चिलापी हाय ही. नटलीय एवढंच."

दिगंबर बघतच राहिला. मग एवढा हसला की भिंतीला टेकला. "आये, बरोबर! चिलापीचीच भावकी हाय ही. आणि तुझी चिलापी बी मूळची आफ्रिकेतलीच."

"भावकी व्हय? तरीच एवढं भांडत्यात."

ते मासे भांडायचे हे खरं. उजनीतली चिलापी पिल्लांसाठी भांडते, हे नुसते जागेसाठी भांडायचे. सगळ्यात मोठा काळा नर, त्याचं नाव दिगंबरनं पाटील ठेवलं होतं. तीन दगड सोडून बाकी पेटी त्याचीच. दिगंबरनं मला सगळं शिकवलं. पेटीत गर्दी ठेवायची, कारण मासे थोडे असले तर पाटील एकालाच धरून मारतो आणि पुष्कळ असले की मार वाटला जातो. नवा मासा सोडायचा झाला तर आधी सगळे दगड हलवायचे, म्हणजे कुणाचंच घर जुनं राहत नाही. खायला पालक वाफवून, वाटाणा सोलून. मासळीचा तुकडा चुकूनही नाही, पोट फुगतं. भोयाच्या घरी माळकरी मासे! बाजारात कुणाला सांगायची सोय नव्हती.

लाईट गेली की हवेचं यंत्र बंद पडायचं, आणि तेव्हा दुपारी चार-चार तास लाईट जायची. मग मी आणि शालन पेटीच्या दोन टोकांना बसून तांब्यानं पाणी उचलायचो आणि उंचावरून परत पेटीत सोडायचो, म्हणजे पाण्यात वारं जातं. ती दमली की मी, मी दमले की ती. बोलणं फारसं नसायचं. तिचं लक्ष पाण्याकडं असायचं आणि मी मनात दिगंबर कुठल्या पेटीपुढं बसला असेल ते बघत असायची.

तो फोन करायचा शुक्रवारी अकराला, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. दहा मिनिटं. त्यातली सात माझी, तीन शालनची. माझ्या सातांत काय असायचं? "पाटील काय म्हणतो, आये?" "हळदीला खायला मिळतं का?" मी सांगायची. पाटलानं हळदीच्या डाव्या कल्ल्याच्या झाकणाचा लचका तोडला ते मी त्याला असं सांगितलं होतं की तो पलीकडं कळवळला. माशांवाचून दुसरं काही बोलताच यायचं नाही आम्हाला. जेवलास का, म्हणून झालं की पुढं कधी येतोस हे विचारावं लागलं असतं, आणि ते विचारायची माझी छाती नव्हती. म्हणून मी माशांवर जीव टाकायची. ते मेले तर शुक्रवारी तो विचारणार काय आणि मी सांगणार काय?

दुसऱ्या वर्षी एकदा तो म्हणाला होता, "आये, शालनला इकडं आणली तर?"

"मग पेटी कोण बघणार?" मी म्हणाले होते. परत तो विषय निघाला नाही.

करमाळ्याला जायच्या दोन दिवस आधी पाटील मेला. पेटीतनं उडी मारून भिंतीमागं पडला आणि सापडेपर्यंत वाळून गेला होता. फोन घरातच ठेवून मी गेले. तीन शुक्रवार मी बहिणीच्या खाटेशी बसून अकरा वाजायची वाट बघितली, आणि अकरा वाजून गेले की उगाच तिच्यावर खेकसले. तीन शुक्रवारची ती दहाच्या दहा मिनिटं शालनला मिळाली होती, ही गोष्ट काही मी विसरले नव्हते.

भांडण झालं तो बुधवार. शुक्रवारी फोन वाजला तो मी पहिल्या घंटीला उचलला.

"दिगू, तुझ्या बायकूनं हळदी मारली."

"काय?"

"मारली आणि पुण्यासनं दुसरा काळा आणून सोडला. माझ्या डोळ्यात धूळ टाकती."

शालन चुलीपाशी भाकरी थापत होती. थापायचा आवाज चालूच होता.

"आये, थांब. काळा म्हणजे कसा? पट्टे हाईत?"

"हाईत. फिक्के. निळ्यावर झाक मारत्यात."

"दुसऱ्यांना हाणतो का?"

"हाणतो म्हंजे? पाटलाचा बाप हाय."

मग म्हणाला, "आये, पेटीपाशी जा. त्याचा डावा कल्ला बघ."

मी गेले. मेला काही केल्या डावीकडं वळेना. मी काचेवर बोट ठेवलं तसा तो बोटावर धावून आला, धडकला आणि गर्रकन वळला. तेव्हा दिसलं. कल्ल्याच्या झाकणाला अर्ध्या चंद्रासारखी खाच. आतला लाल भाग उघडा.

"हाय का खाच?"

बाजारात मी गिऱ्हाइकाला काय सांगायची? रंगावर जाऊ नका, कल्ला उघडून बघा. चाळीस वर्षं सांगत होते. आणि घरात रंग बघून आळी गोळा केली.

"आये? ऐकतीस न्हवं?"

"हाय," मी म्हणाले.

"मग तीच हळदी. आये, नर हुता त्यो. मलाबी कळलं न्हवतं. पाटील हुता तवर त्याच्या भीतीनं बाईच्या रंगात राहिला. पाटील गेला, जागा मोकळी झाली, मग त्यानं आपला रंग घेतला. ह्या जातीत असंच असतंय." तो हसत होता, खूश होता. "किती वर्षं गप बसला बघ की!"

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. मासा बदलला नव्हता. मग मासा आणायला पुण्याला जायचंही काही कारण नव्हतं.

"दिगू," मी म्हणाले, "मग ही पुण्याला कशाला गेलती?"

भाकरी थापायचा आवाज थांबला. फोनमध्येही काही ऐकू येईना. एका वेळी दोन्हीकडं शांत. मग कळायचं काय राहिलं होतं? दोघांनाही ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

"आये, आवाज तुटतोय..."

"आवाज चांगला येतोय. तुझा श्वास सुदीक येतोय. बोल."

"तिचा पासपोर्ट काढायचा हुता," तो म्हणाला. "कंपनीनं आता खोली दिलीय. बायकूला आणायची परवानगी दिलीय. तिथं फोटो, सही लागती. तिला स्वतःला जावं लागतं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू सोडली नसतीस, आये."

पाच वर्षं जे विचारलं नव्हतं ते तेव्हा तोंडातून निघून गेलं. "तू परत येणार हाईस का, दिगू?"

"येणार की! असं काय बोलतीस? दर दोन वर्षांनी सुट्टीला येणार."

सुट्टीला. पोटच्या पोराच्या तोंडून मी तो शब्द ऐकला आणि फोन शालनच्या हातात दिला. तीन मिनिटंसुद्धा राहिली नव्हती. ती फोन कानाला लावून उभी राहिली आणि पिठाचे हात पदराला पुसत राहिली.

त्यानंतर मी तिच्याशी बोलणं टाकलं. बाजारात जाऊन येत होते, पालक आणत होते, पेटीपुढं बसत होते. हळदी, म्हणजे तो, सगळ्या पेटीत फिरत होता. मी त्याच्याकडं बघायची आणि मला दिगंबरची बरणी आठवायची. उशाशी ठेवलेली. सकाळी उठल्या उठल्या आधी तिच्याकडं बघायचा आणि मग माझ्याकडं. त्याच्या कपड्यांची ट्रंक मी त्या दिवसांत दोनदा उघडली. काही घ्यायचं नव्हतं. शर्ट वर-खाली केले आणि लावून टाकली.

सहाव्या दिवशी लाईट गेली. आम्ही दोघी तांबे घेऊन बसलो.

"पोलीस येणार चौकशीला," शालन म्हणाली. "पासपोर्टसाठी येतात घरी. तेव्हा मी सांगणारच होते तुम्हाला."

"पोलिसापुढं सांगणार हुतीस?"

"होय."

"म्हंजे मला वरडता येऊ ने म्हणून."

"होय."

मला हसूच आलं असतं, दुसऱ्या कुणाच्या सुनेचं असतं तर.

"आत्याबाई, लग्नाला सव्वासहा वर्षं झाली," ती म्हणाली. "त्यातले आम्ही चौदा महिने एकत्र होतो. त्यातही तो पुण्याला कामाला. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मी सगळे दिवस मोजलेत. सांगू किती भरतात ते?"

"मला नगं मोजून दाखवू. मालक गेल्यापासनं मी बी दीसच मोजत आले."

"तुमचे गेले म्हणून परत येत नाहीत. माझा जिवंत आहे."

तांब्या माझ्या हातातच राहिला. असं मला तोपर्यंत कुणी बोललं नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. ती पाणी उचलत होती, सोडत होती, आणि तिच्या हनुवटीवरून थेंब पेटीत पडत होते. घामाचे की डोळ्यांतले, ते मी बघितलं नाही. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. उरलेला सगळा वेळ तिनं एकटीनं पाणी ढवळलं.

हवालदार आला तो आणखी आठ-दहा दिवसांनी, दुपारी. तरुण पोरगा, वाघमोडे नाव. आळीत पोलीस आला म्हटल्यावर सगळे ओट्यावर आले. त्याला दोन शेजाऱ्यांच्या साक्षी लागायच्या, म्हणून तो आधी भागूबाईकडं गेला आणि मग आमच्या दारात आला. भागूबाई त्याच्यामागं, तिच्यामागं आणखी पाच-सहा बाया. शालन आतल्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभी.

"मावशी, शालन दिगंबर नगरे तुमची सून ना? इथंच राहते?"

"न्हाई, समोरच्या लिंबावर ऱ्हाती."

बाया हसल्या. तोही हसला आणि कागदावर काहीतरी खरडलं. मग लेखणी थांबवून म्हणाला, "मावशी, एक विचारायचं होतं. शेजारी म्हणतात, पंधरा-वीस दिवसांमागं तुम्ही सुनेला चोरटी म्हणून आळी गोळा केली होती. चोरीचा काय प्रकार आहे? तसं काही असेल तर मला लिहावं लागतं."

"मी आपलं त्यांनी विचारलं ते सांगितलं बाई," भागूबाई मागून म्हणाली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पेला हातात धरून शालन तशीच उभी. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हवालदाराच्या हातातल्या कागदाकडं बघत होती.

खोटं बोलायची गरज नव्हती मला. 'आमचं घरचं भांडण हाय, मिटल्यावर या' एवढं म्हटलं असतं तरी तो कागद परत गेला असता. महिना गेला असता, वर्ष गेलं असतं. शालन ह्या घरात राहिली असती, आणि ती इथं होती तोवर दिगंबरला सुट्टीला नव्हे, घरी यावं लागलं असतं. पेटी कोण बघणार, हे मी सांगत होते ते नुसतं सांगायला. गळाला गांडूळ लावून बसावं तशी मी त्या पोरीला पाच वर्षं लावून बसले होते. मासा काही येत नव्हता. गांडूळ तेवढं पाण्यात फुगत होतं.

"मी चुकले," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"चोरी-बिरी काय न्हाई. मी मासा वळखायला चुकले."

आधी कुणाला कळलंच नाही. मग भागूबाईनं तोंडाला पदर लावला. "द्रुपदे, तू? तू मासा वळखायला चुकलीस?"

"मी. द्रुपदा नगरे. कल्ला न बघता रंगावर गेले, आणि घरच्या लेकीला चोरटी म्हणाले. ऐकू आलं का समद्यांस्नी, का परत सांगू?"

मी हवालदाराला दंडाला धरून पेटीपाशी नेलं. "ह्यो बघा. ह्यो आधी पिवळा हुता. पाटील मेल्यावर काळा झाला. कल्ल्याची खाच बघा, म्हंजे तुमाला बी पटंल." तो बिचारा कागद काखेत धरून वाकला. मासा त्याच्या नाकावर धावून आला तसा दचकून मागं सरला.

"भलताच तापट आहे हो!"

"आमच्यातलाच हाय," मी म्हणाले.

"मग मावशी, सुनेचं चालचलन? काय लिहू?"

"चांगलं लिवा. जरा मोठ्या अक्षरात लिवा. तिकडं दूरच्या लोकांनी वाचायचं हाय ते."

साक्ष म्हणून भागूबाईनं आणि मागच्या एका बाईनं अंगठा दिला. मीही माझ्या नावाची सही केली. तिसरीपर्यंतच्या शाळेत जेवढं शिकले होते तेवढ्यात 'द्रुपदा' यायला वेळ लागतो. हवालदार थांबला. मला घाई करायची नव्हती.

त्यानंतर कित्येक वर्षं बाजारात कुणाचं माप चुकलं, की बाया म्हणायच्या, जाऊ दे, द्रुपदा सुदीक मासा चुकली हुती. नव्या पोरींनाही ते ठाऊक आहे. मी काही त्यांना गप्प केलं नाही.

आळी पांगली. मी दार लोटलं. आत गेले तर शालन तिथंच उभी होती, पेला हातात, पाणी तसंच. हवालदाराला ते द्यायचंच राहून गेलं होतं.

"कधी मिळंल ते पुस्तक?"

"महिनाभरात येईल म्हणतात." तिनं पेटीकडं बघितलं. "आत्याबाई, पेटी..."

"पेटीचं काय? मासं मला नवं हाईत व्हय?"

"लाईट गेली की एकटीला पाणी..."

"भागीला बोलवीन. तोंड चालवती तसा हात चालवू दे जरा."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. पेला खाली ठेवला आणि माझे पाय धरायला वाकली. मी तिला मध्येच खांद्याला धरलं. हाडं लागली हाताला. एवढी वाळली होती, आणि रोज समोर बसून मला दिसलं नव्हतं.

"मी खोटं बोलले तुमच्याशी," ती म्हणाली. "कापडाचं."

"बोललीस," मी म्हणाले. "आणि बरं केलंस. खरं बोलली असतीस, तर जित्तेपणी सोडली नसती मी तुला."